कुकर फुटला, व्हिडिओ टाकला, आणि आता अब्रूनुकसानीची नोटीस

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातील एका गृहस्थांनी ऑनलाइन बाजारपेठेवरून एका नामांकित कंपनीचा प्रेशर कुकर घेतला. काही महिन्यांनी गॅसवर असतानाच त्याचे झाकण उडाले आणि त्यांच्या पत्नीचा हात व मान भाजली. कंपनीच्या सेवा केंद्राने 'वापर चुकीचा झाला' एवढे कळवून हात झटकले. त्यावर गृहस्थांनी फुटलेल्या कुकरचा व्हिडिओ समाजमाध्यमावर टाकला आणि तो बराच पसरला. आता कंपनीच्या दिल्लीतील वकिलांची नोटीस आली आहे: सात दिवसांत व्हिडिओ काढा आणि बिनशर्त माफी मागा, नाहीतर १ कोटी रुपयांचा अब्रूनुकसानीचा दावा आणि फौजदारी फिर्याद दाखल करू. व्हिडिओ काढावा का, आणि पत्नीच्या दुखापतीची भरपाई कोणाकडे मागावी, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

माझे पहिले सांगणे असे की, ही दोन प्रकरणे आहेत असे समजूच नका. कुकर सदोष होता हे दाखवणारा जो पुरावा भरपाई मिळवून देईल, तोच पुरावा बदनामीच्या दाव्यात आपला बचाव ठरेल. आणि तो हातचा गेला तर दोन्हीकडे आपली बाजू लंगडी पडेल. म्हणून नोटिशीला उत्तर काय द्यायचे याचा विचार करण्याआधी कुकर कुठे आहे ते पाहा. तो फुटला त्या स्थितीत ठेवा. झाकण, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, रबर आणि वाकलेला दांडा, जे जे हाती लागले ते घासूनपुसून स्वच्छ न करता एका खोक्यात घालून बंद करा आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी त्याची नोंद करा. कंपनीचा माणूस 'तपासणीसाठी न्यायचा आहे' म्हणून दारात आला तरी तो त्याच्या हवाली करू नका. वस्तू एकदा कंपनीच्या ताब्यात गेली की परत येतो तो एक कागद, आणि त्यावर 'बाहेरचे रबर वापरल्यामुळे' असे लिहिलेले असते. तपासणी करायचीच असेल तर ती ग्राहक आयोगामार्फत होऊ द्या. त्याची सोय कायद्यातच आहे आणि तिच्याकडे मी पुढे येतो.

आता भरपाईचा प्रश्न. सदोष वस्तू बनवणारा आणि ती वापरणारा यांच्यात थेट खरेदीविक्रीचा करार नसला, तरी बनवणारा जबाबदार राहतो, हे तत्त्व अपकृत्य कायद्यात (म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याला केलेल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या दिवाणी कायद्यात) रुजले ते १९३२ च्या डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्याने. स्कॉटलंडमधील पेस्ली गावातल्या एका कॅफेत मैत्रिणीने घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या अपारदर्शक बाटलीत कुजलेली गोगलगाय होती असे त्या बाईंचे म्हणणे होते. पैसे त्यांनी दिले नव्हते, म्हणजे करारही त्यांचा नव्हता. तरीही ज्याच्या हयगयीची झळ आपल्याला पोहोचेल हे बनवणाऱ्याला आधीच दिसायला हवे, त्याच्याबाबत काळजी घेण्याचे कर्तव्य त्याच्यावर आहे, असे लॉर्ड ॲटकिन यांनी ठरवले. भारतीय न्यायालयांनी हे तत्त्व स्वीकारले, पण दिवाणी दाव्यात हयगय सिद्ध करायची म्हणजे कारखान्याच्या चार भिंतींआड काय घडले ते दाखवायचे, आणि ते सामान्य माणसाला जवळपास अशक्य असते.

ही अडचण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने बरीच कमी केली. हा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच्या सहाव्या प्रकरणात, कलम ८२ ते ८७ मध्ये, उत्पादन दायित्व हा विषय स्वतंत्रपणे आला. १९८६ च्या जुन्या कायद्यात असे प्रकरण नव्हते. कलम ८४ नुसार उत्पादक पाच कारणांनी जबाबदार ठरतो: निर्मितीत दोष असणे, रचनाच सदोष असणे, ठरलेल्या निर्मिती-मानकांपासून वस्तू ढळलेली असणे, दिलेल्या स्पष्ट हमीप्रमाणे वस्तू नसणे, आणि योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा सोबत नसणे. हमीचा भंग झाला असेल तर 'आमची हयगय नव्हती' हे सिद्ध करूनही उत्पादकाची सुटका होत नाही, असे याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटले आहे. तेव्हा आपल्या कुकरच्या खोक्यावर आणि माहितीपुस्तिकेवर सुरक्षिततेबद्दल काय छापले आहे ते शब्दशः उतरवून घ्या. ते खोके रद्दीत गेले असेल तर विक्रीच्या पानावरील वर्णनाची छायाचित्रे आजच काढून ठेवा, कारण अशी पाने रातोरात बदलतात.

पत्नीच्या नावाने तक्रार करता येईल का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो कंपनी नक्की उपस्थित करील. बिल आपल्या नावावर आहे. कायद्यातील ग्राहकाच्या व्याख्येत मात्र खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही येते, त्यामुळे आपण दोघांनी संयुक्त तक्रारदार म्हणून नावे घालावीत. भरपाई कशाची मागता येते तेही नीट समजून घ्या. शारीरिक दुखापत, त्यातून आलेला मानसिक त्रास आणि कुकरखेरीज इतर मालमत्तेचे नुकसान, म्हणजे फुटलेली शेगडी किंवा ओट्याच्या टाइल्स, हे सारे 'हानी'त मोडते. खुद्द कुकरची किंमत आणि निव्वळ आर्थिक तोटा त्यात मोडत नाही. कुकरचे पैसे परत हवे असतील तर ती मागणी सदोष मालाची म्हणून त्याच तक्रारीत वेगळी मांडावी लागते. बऱ्याच तक्रारअर्जांत या दोन्हींची सरमिसळ होते आणि युक्तिवादाच्या दिवशी समोरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

तक्रार सांगली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडेच करता येईल. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे, म्हणून कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय दिल्लीत आहे म्हणून बिचकू नका. आयोगाची आर्थिक अधिकारकक्षा आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, तर वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या किमतीची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात. त्यामुळे काही हजारांच्या कुकरसाठी आपण कितीही भरपाई मागितली तरी जिल्हा आयोगच योग्य ठरतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या किमतीसाठी तक्रारीचे शुल्कही नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. अपघाताच्या दिवसापासून ती मोजा. कंपनीशी चाललेल्या ईमेलच्या देवाणघेवाणीने ती लांबते अशा समजुतीत राहू नका.

कंपनीचा बचाव काय असेल, हे तिच्या पहिल्याच उत्तरात दिसते: चुकीचा वापर. म्हणजे कुकर गळ्यापर्यंत भरला, वाफेचे भोक डाळीच्या फेसाने तुंबले, झाकण वाफ उतरण्याआधी जोर लावून उघडले, किंवा बाजारातले स्वस्त रबर आणि दुसऱ्याच बनावटीचा व्हॉल्व्ह बसवला. यातले काही खरे असेल तर ते आपल्या वकिलापासून लपवू नका. इथे कायद्यातील एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अपघाताच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला होता किंवा तिच्यात फेरबदल केलेला होता, म्हणून कारवाईच होऊ शकत नाही, ही कलम ८७ मधील सरळ सूट विक्रेत्यासाठी लिहिलेली आहे. उत्पादकाला त्या कलमात मिळणाऱ्या सवलती मुख्यतः इशारे व सूचनांच्या संदर्भात आहेत. उदाहरणार्थ, धोका उघड किंवा सर्वांना ठाऊक असलेला होता असे तो म्हणू शकतो. गैरवापराचा मुद्दा उत्पादकही घेईल, पण त्याच्या बाबतीत तो कार्यकारणाचा प्रश्न बनतो, म्हणजे झाकण उडाले ते दोषामुळे की रबरामुळे, आणि असा प्रश्न पुराव्याशिवाय सुटत नाही.

हा पुरावा म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल. कलम ३८ खाली आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि साधारणपणे ४५ दिवसांत अहवाल अपेक्षित असतो. त्याचे शुल्क तक्रारदाराला आधी भरावे लागते. या खर्चात काटकसर करणारे तक्रारदार मी पाहतो आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण भाजल्याची छायाचित्रे आयोगाचे मन हेलावू शकतात, पण धातू का फाटला किंवा व्हॉल्व्ह का उघडला नाही हे ती सांगत नाहीत. तक्रारीसोबतच तपासणीचा अर्ज द्या. घरगुती प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७ हे मानक केंद्र सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे, म्हणून कुकरवर आयएसआय चिन्ह आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का ते पाहा आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासून घ्या. चिन्ह नसेल, किंवा क्रमांक भलत्याच वस्तूचा निघाला, तर प्रकरणाचा रंगच बदलतो. प्रमाणित नसलेले कुकर आपल्या व्यासपीठावर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काही मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांना प्रत्येकी १ लाख रुपयांचा दंड केला होता.

विक्रेता आणि बाजारपेठ यांनाही जाबदेणार, म्हणजे तक्रारीतील विरुद्ध पक्ष, करा. उत्पादक कोण ते कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेता कलम ८६ नुसार अडकतो. कुकर अस्सल होता की नक्कल, हे अजून कोणालाच माहीत नाही; उद्या कंपनीने 'हा आमचा माल नव्हेच' असे म्हटले, तर उत्तर द्यायला कोणीतरी समोर असायला हवे. आणि कंपनीने तसे म्हटले, तर तिच्या अब्रूनुकसानीच्या नोटिशीचा सूर कसा बदलतो ते पाहण्यासारखे असेल.

आता त्या नोटिशीकडे येऊ. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, आणि तिच्यातली सात दिवसांची मुदत कोणत्याही कायद्यातून आलेली नाही. १ कोटीचा आकडा कागदावर लिहायला फुकट आहे. दावा दाखल करताना मात्र त्यावर न्यायालयीन शुल्क मोजावे लागते, आणि कंपनीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आपला माणूस उभा करून कुकरबद्दलच्या उलटतपासणीला सामोरे जावे लागते. म्हणून अशा नोटिशींपैकी बऱ्याच नोटिशींवर पुढे दावा होत नाही, असा माझा अनुभव आहे. तरीही नोटीस दुर्लक्षून टाकू नका. उत्तर द्या, छोटे द्या, आणि त्यात तारखा व वस्तुस्थिती यांपलीकडे काही लिहू नका.

दिवाणी बदनामीचा आपल्याकडे वेगळा लिखित कायदा नाही. न्यायालये इंग्रजी अपकृत्य कायद्याची तत्त्वे लावतात. इंग्लंडने २०१३ मध्ये कायदा बदलून नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला गंभीर आर्थिक हानी दाखवण्याची अट घातली. आपल्याकडे असा उंबरठा नाही, त्यामुळे कंपनीला दावा दाखल करणे तुलनेने सोपे आहे. पण बचावही भक्कम आहेत. विधान खरे असेल तर दिवाणी दाव्यात तेवढे पुरते, हेतू चांगला होता की वाईट हे पाहिले जात नाही. मात्र खरेपणा सिद्ध करण्याचा भार ते विधान करणाऱ्यावर असतो. खऱ्या वस्तुस्थितीवर आधारलेले प्रामाणिक मतही संरक्षित असते. कंपनीचा रोख प्रत्यक्षात तिच्या नावलौकिकावर नसून मालाच्या निंदेवर असेल, तर तो दावा वेगळ्या जातीचा असतो. तिथे विधान खोटे होते, दुष्ट हेतूने केले होते आणि त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान झाले, हे तिन्ही कंपनीनेच सिद्ध करायचे असते. नोटिशीत हे दोन्ही दावे मोघमपणे एकत्र केलेले असण्याची शक्यता आहे. उत्तरात तेवढे बोट ठेवले तरी समोरच्याला कळते की इकडेही कोणीतरी वाचणारे आहे.

फौजदारी बाजू भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ची आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तीच भारतीय दंड संहितेची ४९९ आणि ५०० ही कलमे होती. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी आहे. इथे नुसता खरेपणा पुरत नाही, ते विधान लोकहितासाठी केलेले असावे लागते. पण याच कलमात स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाचा, तसेच इतरांना सावध करण्यासाठी सद्भावनेने दिलेल्या इशाऱ्याचा अपवाद आहे, आणि 'असा कुकर घरात असेल तर तपासा' हे सांगणे त्यातच बसते. कायद्याच्या भाषेत सद्भावना म्हणजे योग्य ती काळजी व लक्ष देऊन केलेली कृती. हा अदखलपात्र गुन्हा असल्यामुळे पोलीस आपल्याला परस्पर उचलून नेऊ शकत नाहीत. कंपनीला दंडाधिकाऱ्यांकडे खाजगी फिर्याद करावी लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार गुन्ह्याची दखल घेण्याआधी आपल्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. 'सायबर केस करू' या धमकीमागे लोकांच्या मनात अजून माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे कलम ६६अ असते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यानंतर उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केले.

व्हिडिओ काढावा का, याचे उत्तर व्हिडिओत काय म्हटले आहे यावर अवलंबून आहे. कुकर कधी घेतला, कोणत्या दिवशी फुटला, पत्नीला काय इजा झाली, सेवा केंद्राने काय कळवले, ही विधाने आपण कागदांनिशी सिद्ध करू शकता, ती ठेवा. 'माझ्या मते या व्हॉल्व्हची रचना धोकादायक आहे' हे मत आहे, आणि ते कशावरून बनले तेही सोबत सांगितले असेल तर ठेवा. परंतु 'ही कंपनी जाणूनबुजून निकृष्ट माल विकते', 'यांचे सगळेच कुकर असे आहेत', 'आयएसआयवाल्यांना पैसे चारले आहेत' अशी वाक्ये असतील तर ती आजच काढा, कारण एका फुटलेल्या कुकरवरून ती सिद्ध होणार नाहीत आणि उरलेल्या खऱ्या विधानांनाही ती खाली ओढतील. बदल करण्याआधी मूळ व्हिडिओची जशीच्या तशी प्रत जपून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. माफी मात्र मागू नका. बिनशर्त माफी म्हणजे विधान खोटे होते याची लेखी कबुली, आणि कंपनी तीच प्रत उद्या ग्राहक आयोगापुढे ठेवील.

न्यायालये या रेषेकडे कसे पाहतात याची दोन उदाहरणे उपयोगी पडतील. खोबरेल तेलाच्या एका प्रसिद्ध ब्रँडवर टीका करणाऱ्या यूट्यूबरविरुद्ध मॅरिको कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात दावा केला, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायाधीशांनी व्हिडिओ काढायला सांगितले, आणि मोठा श्रोतृवर्ग असलेल्या व्यक्तीने सामान्य माणसापेक्षा अधिक जबाबदारीने बोलले पाहिजे, असे म्हटले. अपिलात त्या आदेशाची धार कमी झाली. उलट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रोटीन पावडरच्या कंपनीला अशाच टीकेविरुद्ध अंतरिम मनाई नाकारली, कारण टीकाकाराच्या हाती प्रयोगशाळांचे अहवाल होते. आपण भाजलेल्या बाईचे पती आहात, व्हिडिओंवर उपजीविका करणारे नाही, आणि पहिल्या निकालातला तो फरक आपल्या बाजूचा आहे.

खरी भीती दाव्याची नसून एकतर्फी मनाई हुकुमाची असते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात बजावले आहे की, सुनावणीत मजकूर खोटा किंवा दुष्ट हेतूचा ठरण्याआधी प्रकाशनावर अंतरिम बंदी घालणे हा अपवाद असला पाहिजे, आणि बड्या पक्षांनी टीकाकारांना गप्प करण्यासाठी केलेल्या दाव्यांचा उल्लेखही त्या निकालात आहे. तो निकाल वृत्तसंस्थेबाबत असला तरी तत्त्व आपल्याला मांडता येते. तरीही खबरदारी म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा आगाऊ अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस चालते, म्हणून नंतर नव्याने भरावे लागते. आणि कंपनी सांगलीत न येता दिल्लीत दावा करण्याची शक्यता असल्यामुळे दोन्हीकडे दाखल केलेले बरे. लेखी बदनामीच्या भरपाईच्या दाव्याची मुदत प्रकाशनापासून एकच वर्ष आहे.

ग्राहक तक्रार लवकर दाखल करण्याचे आणखी एक कारण याच अंगाने आहे. न्यायिक कार्यवाहीत केलेल्या कथनांना दिवाणी बदनामीच्या दाव्यापासून विशेषाधिकाराचे संरक्षण असते, आणि अधिकारी व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा फौजदारी कलमाचाही अपवाद आहे. व्हिडिओत जे सांगितले तेच शपथपत्रावर आयोगापुढे आले, तर व्हिडिओ सूडाने केला होता हा आरोप टिकवणे कंपनीला अवघड जाते.

तक्रारीची नोटीस कंपनीला मिळाली की बहुधा तडजोडीचा फोन येईल. तडजोड जरूर करा, पत्नीचे उपचार आणि पुढची त्वचेची शस्त्रक्रिया यांचा खर्च डॉक्टरांकडून लेखी घेऊन त्यावरच आकडा ठरवा. पण नवा कुकर आणि थोडी रक्कम देऊन 'पूर्ण व अंतिम समझोता' अशा छापील कागदावर सही मागितली, तर त्या कागदात चार गोष्टी वाचा: कंपनी बदनामीचा दिवाणी व फौजदारी हक्क लेखी सोडते आहे का, रक्कम सहीच्या वेळीच मिळते आहे का, आपण दोष नव्हता असे कबूल करतो आहोत का, आणि खोक्यात ठेवलेला कुकर कोणाकडे जातो आहे. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचे 'नाही' येईपर्यंत सही करू नका. आणि पैसे बँकेत जमा होईपर्यंत कुकर घरातच राहू द्या.